बागेतला शिक्षक : फ्रेडरिक फ्रोबेल

किंडरगार्टन हा शब्द आज आपल्या घराघरांत जाऊन पोहोचला आहे. इंदूर असो की बेळगाव, वडोदरा असो की हैदराबाद, गल्लीच्या तोंडाशी या नावाची एखादी तरी पाटी लागलेली दिसते. पाटीच्या मागे दोन खोल्या, एक लोखंडी फाटक आणि फरशी घातलेले अंगण असते. माती मात्र कुठे दिसत नाही. ज्या माणसाने हा शब्द घडविला त्याने तो अगदी शब्दशः घेतला होता. किंडर म्हणजे मुले आणि गार्टन म्हणजे बाग. बागेवाचून किंडरगार्टन त्याच्या लेखी अपुरे होते. आपल्याकडे रूढ झालेला बालवाडी हा शब्द या दृष्टीने मोठा नेमका आहे, कारण कोकणात आणि गोव्याकडे वाडी म्हटले की नारळी-पोफळीच डोळ्यांपुढे येतात.

त्या माणसाचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून ते अनेकांनी वाचलेले असते. परंतु ते एका पाळकाचे पुत्र होते, लहानपणी मंदबुद्धी ठरविले गेले होते आणि आयुष्याच्या शेवटी त्यांच्यावर नास्तिकपणा शिकविण्याचा आरोप आला, या गोष्टी आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना फारशा ठाऊक नसतात. म्हणून हा चरित्रलेख.

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया या डोंगराळ, अरण्यमय मुलखात ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील योहान याकोब हे लूथरन मंडळीचे पाळक. त्यांच्या देखरेखीखाली अनेक खेडी आणि सुमारे पाच हजार माणसे होती. फ्रेडरिक जेमतेम नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. पुढे १७८५ मध्ये सावत्र आई घरात आली. पहिल्याने तिने या पोराला जवळ घेतले, पण स्वतःचा मुलगा झाल्यावर तिचे मन फिरले. घरच्या माणसाला तू म्हणावे ते सोडून ती त्याच्याशी परक्या नोकराशी बोलावे तसे, तिऱ्हाईतपणे बोलू लागली. एवढीशी ही गोष्ट त्या मुलाच्या काळजाला इतकी लागली की पंचेचाळिसाव्या वर्षी आपली हकीकत लिहितानाही ते ती विसरले नव्हते.

आणि वडील? पाळकाचे घर ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. पाच हजारांच्या सुखदुःखाला धावून जाणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोराला मांडीवर घ्यायला सवड नव्हती. घर मंदिराला लागून, चहूकडे भिंती आणि कुंपण. अंगणाबाहेर जाण्यास मुलाला बंदी होती. सोबत होती ती बागेची आणि वर दिसणाऱ्या आकाशाची. वडील बागेत काम करीत तेव्हा त्याला हाताशी घेत, आणि बापलेकांचा सहवास म्हणावा असा तोच. वाचावयास शिकविण्याचा प्रयत्न वडिलांनी केला, पण मुलाचे डोके चालेना. हा जड बुद्धीचा आहे असे त्यांनी ठरविले आणि गावातल्या मुलांच्या शाळेऐवजी त्याला मुलींच्या शाळेत घातले.

त्या शाळेची शिस्त मात्र त्याला मानवली. रविवारच्या उपासनेतले शास्त्रवचन तेथे आठवडाभर मुलींकडून रोज म्हणवून घेत. फ्रेडरिक पहिल्या दिवशी वर्गात शिरला तेव्हा प्रथम देवाचे राज्य मिळविण्याविषयीचे मत्तयातील वचन चालू होते, आणि ते सूर त्याला जन्मभर आठवत राहिले. आठवड्याला एकच वचन, पण ते सहा दिवस कानांवर पडत राहावे, ही पद्धत आजही वाईट नाही.

आता एक प्रसंग थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण फ्रोबेल यांच्या पुढच्या कार्याचे बीज त्यात आहे. पाळकाकडे नवरा-बायकोंची भांडणे निवाड्याला येत. वडील कठोर शब्दांत कानउघाडणी करीत आणि कोपऱ्यात बसलेला मुलगा सारे ऐके. त्याच्या मनाने घेतले की देवाने माणसातच स्त्री-पुरुष असा भेद केला, आणि सगळ्या पापाचे व दुःखाचे मूळ तेच. तो अगदी कष्टी झाला. थोरला भाऊ क्रिस्टोफ तेव्हा धर्मशिक्षण घेत होता. तो सुटीत घरी आला असताना फ्रेडरिकने हेझेलच्या झुडपावर आलेले बारीक लालसर तंतू त्याला कौतुकाने दाखविले. क्रिस्टोफने त्याला समजावून सांगितले की हे तंतू म्हणजे मादीफुले, आणि लोंबणारे तुरे म्हणजे नरफुले. झाडांतही हा भेद आहे, आणि त्याच्यावाचून फळ धरत नाही. आपल्या परसातल्या भोपळ्याचे उदाहरण घेतले तर हे चटकन कळेल. ज्या फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो ते मादीफूल आणि नुसत्या लांब देठाचे ते नरफूल. ज्या गोष्टीने मुलाचे मन काळवंडले होते तीच गोष्ट एका झुडपावर निर्मळपणे मांडलेली त्याला दिसली. हे वनस्पतिशास्त्र होते, आणि त्या मुलापुरते ते सांत्वनही होते. भावाने दोन्ही एकदमच दिले.

दहाव्या वर्षी मामा त्याला श्टाटइल्म येथे घेऊन गेले. तेही धर्मोपदेशकच, पण मृदू स्वभावाचे. तेथे त्याला प्रथमच मोकळेपणा, सवंगडी आणि विश्वास मिळाला. त्यानंतरची वर्षे भरकटण्यात गेली. १७९७ मध्ये त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. त्या गृहस्थाला शिकवायला वेळ नसे, म्हणून मुलगा त्याची पुस्तके वाचून आणि रानातल्या वनस्पती गोळा करून आपले आपणच शिकला. १७९९ पासून येना विद्यापीठात शास्त्रांचा अभ्यास केला. तेथे भावाला उसने दिलेले पैसे परत आले नाहीत आणि स्वतःच्या खाणावळीचे देणे थकले, तेव्हा विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. १८०२ मध्ये वडील वारले, आणि पोटासाठी कारकुनी, मोजणी, हिशेब अशी मिळेल ती कामे चालू झाली.

१८०५ मध्ये घरबांधणीची कला शिकावी म्हणून ते फ्रँकफुर्टला गेले. तेथे ग्रुनर नावाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना आपल्या शाळेत शिकविण्याचा आग्रह केला. तीस-चाळीस मुलांपुढे उभे राहिल्यावर पहिल्याच तासाला त्यांना कळून चुकले की आपली जागा हीच. वय तेवीस. लागलीच ते स्वित्झर्लंडमध्ये इव्हेर्दाँ येथे पेस्टालॉझींची शाळा पाहून आले, आणि पुढे १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे तेथे राहिलेही. पेस्टालॉझी वस्तू डोळ्यांनी पाहून शिकण्यावर भर देत. फ्रोबेल यांना ते पटले, पण पुरेसे वाटले नाही. नुसते पाहून मूल शिकत नाही, ते करून शिकते, असे त्यांचे मत बनत चालले होते.

याला कारण झाली तीन मुले. फ्रँकफुर्टच्या होल्त्सहाउझेन घराण्यातील तीन मुलांचे शिक्षक म्हणून १८०६ पासून ते काम पाहत होते. मुलांच्या वडिलांनी बागेसाठी जमिनीचा एक तुकडा दिला. गुरू आणि शिष्य दोघेही तेथे खपू लागले. स्वतः लावलेल्या झाडाचे फूल किंवा फळ नेऊन आईवडिलांच्या हातात देताना त्या मुलांना जो आनंद होई तो फ्रोबेल यांनी नीट पाहून ठेवला. वडिलांच्या बागेतले एकाकी पोर त्यांना तेव्हा आठवले नसेल असे मला वाटत नाही.

मधल्या काळात त्यांनी ग्योटिंगन व बर्लिन येथे पुन्हा शास्त्राभ्यास केला, १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या स्वयंसेवक दळात भरती झाले आणि तेथे लांगेथाल व मिडेनडॉर्फ हे धर्मशास्त्राचे दोन विद्यार्थी त्यांचे जन्माचे मित्र झाले. युद्धानंतर प्राध्यापक वाइस यांच्या हाताखाली ते बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात रुजू झाले. स्फटिक ठरलेल्या नियमानेच वाढतो, हे तेथे रोज पाहताना दगडातही देवाची आज्ञा चालते असे त्यांना वाटू लागले. स्टॉकहोम येथे प्राध्यापकाची जागा मिळण्याची संधी चालून आली. पगार, मान, स्थैर्य, सगळे काही होते.

ती त्यांनी सोडली. हेझेलचे फूल समजावून सांगणारा भाऊ क्रिस्टोफ हा ग्रीसहाइम येथे पाळक झाला होता. १८१३ मध्ये युद्धकाळच्या साथीत आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना त्यालाच ज्वर जडला आणि तो गेला. मागे विधवा आणि तीन मुले राहिली. फ्रोबेल बर्लिन सोडून पायी निघाले, आणि या तीन व दुसऱ्या भावाची दोन अशा पाच पुतण्यांना घेऊन १८१६ मध्ये त्यांनी शाळा उघडली. पुढच्या वर्षी ती काइलहाउ या खेड्यात हलविली. मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल तेथे येऊन मिळाले. १८१८ मध्ये हेन्रिएटे होफमाइस्टर यांच्याशी फ्रोबेल यांचा विवाह झाला. बर्लिनच्या सुखवस्तू घरातली ही बाई त्या फाटक्या संसारात आली आणि तिने तक्रार केली नाही.

काइलहाउत मुले डोंगर चढत, लाकूडकाम करीत, बागेत राबत आणि शास्त्र शिकत. १८२५ च्या सुमारास विद्यार्थी साठापर्यंत गेले होते. सरकारला संशय आला की येथे राजद्रोह शिकवितात. तपासासाठी आलेल्या धर्माधिकाऱ्याने, त्सेह त्यांचे नाव, उलट उत्तम शेरा दिला. पण लोकांच्या मनातला संशय शेऱ्याने जात नाही. पालकांनी मुले काढून नेली आणि १८२९ मध्ये पाचसहाच उरली. १८२६ मध्ये माणसाचे शिक्षण या विषयावरील आपला मुख्य ग्रंथ त्यांनी याच ओढगस्तीत छापला. १८३१ नंतरची काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये गेली. तेथे बुर्गडोर्फच्या अनाथालयाचे काम पाहताना त्यांना दिसून आले की शाळेत येणाऱ्या मुलाचे बरेचसे बनणे-बिघडणे त्याआधीच घडून चुकलेले असते. म्हणजे सुरुवात तीन-चार वर्षांच्या मुलापासून हवी.

१८३७ मध्ये ते जर्मनीत ब्लांकेनबुर्ग येथे आले आणि लहान मुलांसाठी खेळाची साधने तयार करू लागले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि नळकांडे, आठ तुकड्यांत सुटणारा घन. यांना ते देणग्या म्हणत. १८३९ मध्ये हेन्रिएटे वारल्या. संस्थेला नाव सापडत नव्हते. १८४० च्या वसंतात काइलहाउहून ब्लांकेनबुर्गकडे मित्रांबरोबर डोंगरवाटेने चालत असता खालचे खोरे बागेसारखे पसरलेले दिसले आणि किंडरगार्टन हा शब्द त्यांना सुचला. २८ जून १८४० रोजी संस्थेची रीतसर स्थापना झाली.

त्यांच्या बागेची मांडणी कशी होती ते सांगतो. ज्यांच्या मंडळीच्या आवारात चार हात जमीन पडून आहे त्यांना ते उपयोगी पडेल. चौकोनी जागेच्या मधोमध प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा, आणि त्याच्या सभोवती सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे. समूहाने एकेकट्याला कुशीत धरावे तसे. सामाईक भागात एका बाजूस फुले आणि दुसऱ्या बाजूस भाजीपाला व शेतातली पिके, म्हणजे धान्ये, शेंगांची पिके, तेलबिया वगैरे. प्रत्येक झाडापाशी त्याच्या नावाची पाटी आणि प्रत्येक वाफ्यात मुलाच्या नावाची पाटी. जागा कमी असेल तर दोन मुलांत एक वाफा. त्यातही फ्रोबेल यांना लाभच दिसे, कारण दोघांना जमवून घ्यावे लागते.

सामाईक वाफ्यात नियमाने काम चाले. स्वतःच्या वाफ्यात मात्र मुलाला पूर्ण मोकळीक होती. त्याने काय पेरावे, कसे पेरावे, पाणी घालावे की विसरावे, हे त्याचे त्याने पाहावे. रोप मेले तर शिक्षिकेने रागवायचे नाही. शेजारच्या वाफ्यातले जगले आणि माझे का मेले, हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो. पाणी, ऊन, खोली, अंतर, एकेक कारण ते शोधू लागते. शास्त्राची पद्धत म्हणतात ती दुसरी काय आहे? दोन वाफे शेजारी ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय होते ते पाहावे. मोठाल्या प्रयोगशाळांत हेच करतात.

याहून मोलाची गोष्ट मला वाटते ती अशी. फळ्यापुढे बसलेल्या वर्गात पहिला कोण आणि शेवटचा कोण हे पाच मिनिटांत ठरून जाते. वाफ्यापुढे ते तसे ठरत नाही. ज्याला अक्षरे लागत नाहीत त्याच्या हाताला कदाचित माती लागते. ज्याला बोलता येत नाही त्याच्या लक्षात येते की घेवड्याचा वेल काठीभोवती नेहमी एकाच दिशेने वळतो. चपळ पोर उतावळेपणाने बी रोज उकरून पाहते आणि घालविते, संथ पोराचे उगवते. जड बुद्धीचा म्हणून बाजूस काढलेल्या एका मुलाने ही बाग आखली आहे, हे तिच्या प्रत्येक वाफ्यात दिसते. त्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १८५६ मध्ये, व्हिएन्नाजवळ बाडेन येथे गेऑर्गेन्स आणि डाइनहार्ट यांनी बौद्धिक दुर्बलता असलेल्या मुलांसाठी लेव्हाना नावाची संस्था काढली, आणि फ्रोबेल यांचे खेळ व बागकाम त्यांनी त्या मुलांच्या उपयोगात आणले. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात किंडरगार्टन चालविले ते याच परंपरेतले.

फ्रोबेल यांची धर्ममते आपण जशीच्या तशी घ्यावीत असे मी म्हणणार नाही. सर्व सृष्टीत एकच दैवी नियम भरून आहे, प्रत्येक वस्तूचे सत्त्व म्हणजे तिच्यातले देवपण, अशा अर्थाचे त्यांचे लिखाण आहे. त्यात निर्माणकर्ता आणि निर्मिती यांमधील रेषा पुसट होते. मूल स्वभावतः चांगलेच असते, वाईट वळण बाहेरून लागते, असाही त्यांचा झोक होता. पापाविषयी आपली मंडळी जे मानते त्याच्याशी हे पुरते जुळत नाही, आणि घरात चार पोरे वाढविलेल्या कोणत्याही आईला विचारले तरी ती मान हलवील. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या मुलाने लहानपणी फक्त कोपच ऐकला त्याला पुढे देवाची माया पाना-फुलांत शोधावी लागली. मोहरीचा दाणा, अंजिराचे झाड, रानातली भूकमळे, पेरणारा माणूस हे सर्व आपल्या प्रभूने शिकविताना वापरले, आणि ते दाखविण्यासाठी लोकांना घराबाहेर पाहावयास सांगितले. फ्रोबेल यांचे तत्त्वज्ञान डळमळीत असेल. त्यांची पद्धत नव्हती.

शेवटच्या काही वर्षांत त्यांनी तरुण स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करण्याचे काम हाती घेतले. लहान मुलांना शिकविणे हे विद्येचे काम आहे आणि ते स्त्रियांनी करावे, हे म्हणणे त्या काळी नवे होते. १८४९ मध्ये बाड लीबेनश्टाइन येथे खेड्यातल्या मुलांना घेऊन टेकडीवर नाचत-गात जाणारा हा म्हातारा पाहून लोक त्यास वेडा म्हणत. बॅरोनेस बेर्टा फॉन मारेनहोल्त्स-ब्यूलो यांनी तो वेडा कोण म्हणून चौकशी केली आणि पुढे याच बाईंनी त्यांचे कार्य युरोपभर नेले. ऑगस्ट १८५० मध्ये आल्टेनश्टाइन येथे तीनशेहून अधिक मुलांचा खेळमेळा भरला. त्यांच्या हयातीतला सर्वांत आनंदाचा दिवस तोच असावा.

ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने सर्व किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण असे दिले की ही समाजवादी पद्धती आहे आणि मुलांना नास्तिक बनविणे हा तिचा हेतू आहे. याला निमित्त झाली कार्ल फ्रोबेल यांची एक पुस्तिका. मंत्र्यांनी पुतण्याला आणि चुलत्याला एकच समजून टाकले होते. हा कार्ल म्हणजे क्रिस्टोफचा मुलगा. ज्या पोरक्या पुतण्यांसाठी फ्रोबेल यांनी स्टॉकहोमची जागा सोडली त्यांतलाच एक. चूक उघड होती. फ्रोबेल यांनी मंत्र्यांना लिहिले, आपली पुस्तके पाठविली, राजाकडे अर्ज केला. काही उपयोग झाला नाही. आयुष्यभर देवाचे नाव घेऊन शिकविलेल्या माणसाला सत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर देवद्रोही म्हणून छापून यावे, याचे त्यांना फार दुःख झाले. पुतण्याला दोष देत ते बसले नाहीत. आपल्या देशात जमत नसेल तर हे काम अमेरिकेत रुजेल, असे मात्र त्यांना वाटे.

त्याच वर्षी त्यांनी आपल्या विद्यार्थिनी लुईझे लेव्हिन यांच्याशी दुसरा विवाह केला होता. १८५२ च्या उन्हाळ्यात मारिएन्थाल येथे ते अंथरुणास खिळले. खिडकी उघडी ठेवावयास सांगत, फुले जवळ आणवीत आणि त्या फुलांची नीट निगा घ्या म्हणून बजावीत. एक दिवस त्यांनी एक जुना कागद काढवून वाचून घेतला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममात्यापित्यांनी त्यांच्यासाठी लिहिलेले ते पत्र होते. सरकारने दिलेल्या दाखल्यापेक्षा तो दाखला त्यांना मोठा वाटला. २१ जून १८५२ रोजी ते प्रभूपाशी गेले. श्वाइना येथील दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर मिडेनडॉर्फ यांनी योजलेला दगड उभा आहे : खाली घन, त्यावर नळकांडे, वर गोल. मुलांच्या हाती दिलेल्या दुसऱ्या देणगीतली तीच तीन खेळणी.

मिडेनडॉर्फ पुढच्याच वर्षी वारले. अमेरिकेत पहिले किंडरगार्टन १८५६ मध्ये विस्कॉन्सिन संस्थानातील वॉटरटाउन येथे फ्रोबेल यांच्याच पद्धतीत तयार झालेल्या मार्गारेटे शुर्त्स यांनी आपल्या घरी सुरू केले. प्रशियातील बंदी १८६० मध्ये उठली. लुईझे फ्रोबेल हॅम्बुर्ग येथे जाऊन शिक्षिका तयार करीत राहिल्या, आणि १९०० साली, पतीच्या मागे अठ्ठेचाळीस वर्षांनी, त्या वारल्या.